सव्वादोनची भरती

आमच्या घरात सध्या मोहरीची फोडणी बंद आहे. नातसुनेला तिसरा महिना चालू आहे. तिला फोडणीचा आवाज चालतो, वास चालत नाही. सकाळी ती सोफ्यावर आडवी होऊन मोबाइलवर काहीतरी मागवते. पाणीपुरी म्हणाली की वीस मिनिटांत पाणीपुरी हजर. बेल वाजते, पिशवी येते, पिशवी उघडली जाते आणि ती नाक दाबून म्हणते, "आजी, आता नको वाटतंय." मग ती पाणीपुरी मी खाते. ऐंशी कधीच ओलांडलेल्या बाईला दुसऱ्याच्या डोहाळ्यांवर मजेत जगता येतं, हे मला या आषाढात कळलं.

बाहेर पाऊस लागला आहे. आमचं घर बाविसाव्या मजल्यावर, तेव्हा पाऊस आमच्याकडे येत नाही, आमच्या समोरून खाली जातो. खाली इमारतीचा पोहण्याचा तलाव दिसतो, निळ्या फरशीचा. या दिवसांत त्यात कोणी उतरत नाही, तरी त्याचं पाणी रोज गाळतात. आमचं तळं इथंच कुठंतरी होतं. मी म्हणते पोहण्याच्या तलावाच्या जागी, मुलगा म्हणतो मोटारी ठेवतात त्या जागी. या वादाचा निकाल लावू शकेल असं माणूस आता करी रोडला उरलेलं नाही, म्हणून मीच जिंकले असं धरून चालते.

तळं म्हणजे गिरणीचं तळं. इंजिनाला पाणी लागे म्हणून फार पूर्वी खणलेलं. एका अंगाला गिरणीची भिंत, दुसऱ्या अंगाला आमची चाळ, मध्ये हे पाणी. उन्हाळ्यात ते हिरवं आणि वासट असे. तेव्हा त्या बाजूच्या खिडक्या कोणी उघडत नसे. पावसाळ्यात मात्र त्याला रूप येई. पाणी दगडी काठाला लागे, कडेला रानआळू माजे, पानांवर थेंब गडगडत राहत आणि संध्याकाळ झाली की बेडकांची सभा भरे. सासूबाई गॅलरीत वाकून विचारत, "काय रे, तुमचो अध्यक्ष कोण?"

कारण ते दिवसच सभांचे होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र अजून व्हायचा होता. सकाळी प्रभातफेरी, संध्याकाळी मैदानात सभा आणि मध्ये गिरणीची पाळी, असा पुरुषांचा दिवस जाई. खाली डफावर थाप पडली की वरच्या मजल्यांवरच्या विळ्या थांबत. "झालाच पाहिजे" एवढे दोन शब्द आमच्या चाळीतल्या पोरांना 'आई' म्हणायच्या आधी येत. माझे यजमान त्याच गिरणीत होते. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ते सत्याग्रहाच्या तुकडीत गेले आणि तुकडीसकट तुरुंगात गेले. मला दिवस गेले आहेत हे जाताना त्यांना ठाऊक नव्हतं; मलाही नव्हतं. कळल्यावर मी पोस्टकार्ड लिहिलं. उत्तर आलं, त्यावर तुरुंगाचा शिक्का आणि शेवटी एक प्रश्न: "जेवतेस ना?" मी लिहिलं, "जेवते." इतकं धडधडीत खोटं मी पुन्हा कधी लिहिलं नाही.

पोटात काही ठरतच नव्हतं. तिसरा गेला, चौथा लागला, तरी तेच. पेज घेतली की मोरीकडे धाव, ताक घेतलं की मोरीकडे धाव. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या. परळच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी मला काट्यावर उभं केलं, मागचा कागद पाहिला आणि सासूबाईंना बाजूला घेतलं. पण बाजूला म्हणजे किती, चार हात. मला सगळं ऐकू आलं. पंधरा दिवसांनी परत आणा, वजन आणखी उतरलं तर दाखल करून घेऊ, आणि बाळाचं आज मला काही सांगता येणार नाही. परतताना सासूबाई, ज्या रस्त्यातल्या कुत्र्याशीसुद्धा दोन शब्द बोलत, त्या घरापर्यंत गप्प होत्या. मी वीस वर्षांची होते आणि मला फार भीती वाटत होती.

घरी आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. "बाय गे, जिभेर काय येता ता सांग. लाजा नको."

मी सांगितलं. ताजा मासा. पाण्यातून आत्ता काढलेला.

माझं माहेर मालवणच्या बाजूला, खाडीच्या तोंडावर. मासा ताजा म्हणजे काय, हे मला शिकवावं लागलं नव्हतं. आणि मागायची वेळ कुठली, तर आषाढ! होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली झाकलेल्या, नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला हात लावायचा नाही. बाजारात सुकं होतं आणि बर्फातलं होतं. सासूबाईंनी बर्फातलं आणून पाहिलं. पिशवी दारात आली तेव्हाच मी मोरीत पोचले होते.

गॅलरीत चर्चा सुरू झाली. डोहाळे राहिले की मुलाची लाळ गळते, ही गोष्ट आमच्या मजल्यावर सिद्ध झालेली होती. शेजारच्या पार्वतीबाईंना दुसऱ्या वेळी ऐन दिवाळीत फणस खावासा वाटला होता. त्यांच्या दुसऱ्याच्या गळ्यातलं फडकं अजून सुटलं नव्हतं. त्याला बोलावून, हनुवटी वर करून, मला पुरावा दाखवण्यात आला.

नातसुनेला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आजी, आजोबांनी आणायचा ना मासा कुठून तरी." बरोबर आहे. डोहाळे नवऱ्यानं पुरवायचे असतात. पण नवरा आत. तेव्हा ते काम मामंजींच्या अंगावर आलं, आणि इतकं अवघड काम त्यांच्यावर कधी आलं नसेल. मामंजी म्हणजे माझे सासरे, गिरणीत मागावर उभं राहून तीस वर्षं झालेले, उंच, काटकुळे. आमचं दोघांचं बोलणं सासूबाईंमार्फत चाले. मी पदर घेऊन आत, ते बाहेर. "तिका सांग, पेज घी," ते म्हणत. "त्यांना सांगा, घेतली," मी म्हणे. भिंत नव्हती, नुसता पडदा होता, आणि दोघांनाही दोघांचं ऐकू येई. तरी सासूबाई निरोप पोचवीत, शब्दाचा फरक न करता.

तळ्यात मासे आहेत हे कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आमची माणसं वेंगुर्ल्या-मालवणची. "गोड्या पाण्यातलो मासो तो मासो न्हय, भाजी ती," असं मामंजींचं मत होतं आणि चाळीत त्याला विरोध नव्हता.

विरोध घोडपदेवहून आला. लक्ष्मणकाका मामंजींच्या शेजारच्या मागावर होते. साताऱ्याकडचे, कृष्णाकाठी वाढलेले. त्यांच्या घरच्यांनी नुकतीच धम्माची दीक्षा घेतली होती. रविवारी पांढरा सदरा घालून ते आमच्याकडे चहाला येत. माझी हकिगत ऐकून ते म्हणाले, "तात्या, दर्याला कुलूप लागलं तर लागू दे. तळ्यात मरळ हाय. मी बघितलीय."

"मरळ? मेल्या, साप तो!"

"डोकं सापाचं हाय, मांस लोण्याचं. आमच्याकडं बाळंतिणीला देत्यात. आजाऱ्याला देत्यात."

मामंजींनी उरलेला चहा बशीत ओतून संपवला. मग सासूबाईंना म्हणाले, "तिका विचार. मरळ चलात?"

पडद्याआडून मी म्हटलं, "चलात."

"चलात म्हणता," सासूबाई म्हणाल्या.

आता गळ कोण टाकणार? मामंजींना वाटलं, ज्याचा मासा त्यानं काढावा. लक्ष्मणकाकांनी मान हलवली. "पंचशील घेतलंय तात्या. पयलंच शील हाय, जीव मारायचा न्हाय. काठीला मी हात लावणार न्हाय. दावीन समदं."

"म्हणजे पाप माझ्या माथ्यार?"

"तुझ्या माथ्यावर आधीच येवढं हाय, त्यात एका माशाचं काय जड हुतंय?"

"आणि खातलंस काय?"

"कुणी ताटात वाढलं तर खावं. इचारत बसू नये."

मी आत पदराचा बोळा तोंडात धरून हसले. पुढं बऱ्याच वर्षांनी मला त्यातलं दुसरंही दिसलं. माणसानं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं काही घेतलेलं असलं की तो ते नव्या भांड्यासारखं जपतो, त्याला ओरखडासुद्धा चालत नाही. मामंजींना ते तेव्हाच कळलं असावं, कारण त्यांनी काकांना पुन्हा काठी धरायला सांगितलं नाही.

मरळीला बेडूक लागतो. जिवंत बेडूक गळाला लावायचा, तर तोही जीवच. शनिवारी पाळी सुटल्यावर लक्ष्मणकाका आले आणि खिशातून एक बेडूक काढून त्यांनी आमच्या पाटावर ठेवला. पार्वतीबाई किंचाळल्या. बाटलीचं बूच, त्यावर हिरव्या सुताचे घट्ट वेढे, आणि मागं चामड्याचे दोन पाय. चामडं मागाच्या झिजलेल्या पिकरचं. धोट्याला ठोका देऊन या टोकाहून त्या टोकाला धाडतो तो पिकर. शाईनं डोळे काढले होते. गळ दोन पायांच्या मधे असा दडवला होता की बोट लावल्याशिवाय कळू नये. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी कापड विणणाऱ्या माणसानं माझ्यासाठी एक बेडूक विणला होता. मी पडद्याआडून तो हातात मागून घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही.

रविवार उजाडला तो पावसातच. गिरणी बंद, भोंगा नाही, दोऱ्यांवर वाळत न वाळणारी लुगडी. लक्ष्मणकाका सातला हजर. "चल तात्या, सकाळच्या पारी मरळ वर असती."

मामंजी भिंतीवरच्या कॅलेंडरापुढं उभे होते. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. "आज तीज. तीन त्रिक नऊ, नवाची पाव काढली, सव्वादोन. सव्वादोनाक भरती."

"कशाची भरती?"

"भरती कशाची असता? पाण्याची."

"तात्या, तळं हाय ते!"

"पाणी पाण्याक वळखता," मामंजी शांतपणे म्हणाले. "शिवडी हंयसून काय लांब आसा? भरतीशिवाय मासो तोंड उघडत नाय."

तिथीवरून भरतीची वेळ काढायला आमच्याकडे अक्षरओळखीच्या आधी शिकवतात. हिशेब चोख होता. शिवडीच्या बंदरावर उभं राहिलात तर सव्वादोनला पाणी चढलेलं दिसलं असतं. पण चारी बाजूंनी बांधलेल्या गिरणीच्या तळ्याला भरती येत नाही, हे त्या माणसाला कोणी पटवू शकलं नाही. सासूबाईंनाही ते पटेना, त्याही वेंगुर्ल्याच्याच. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा लक्ष्मणकाकाच अडाणी वाटले. घरात चार माणसं, त्यांतली तीन भरतीच्या बाजूची. बिचारे काका खिडकीत बसून तळ्याकडे बघत राहिले. मधून मधून सुस्कारा टाकत, "डबक्याला भरती!"

दीडला दोघे खाली उतरले आणि वळसा घालून गिरणीच्या भिंतीकडच्या काठावर, आमच्या समोर, गेले. छत्री एकच. मामंजींच्या हातात बांबूची काठी आणि मेण चोळलेली सुताची दोरी, लक्ष्मणकाकांच्या हातात छत्री. छत्री धरायला शीलाची आडकाठी नव्हती. वर आमचा अख्खा मजला गॅलरीत. मला पाटावर बसवून घोंगडी पांघरली होती. तोंडावर पावसाचा फवारा येत होता, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मला तो वास बरा वाटला: ओल्या दगडाचा, आळवाचा, भिजलेल्या घोंगडीचा.

पहिल्या खेपेला बेडूक लक्ष्मणकाकांच्या छत्रीत अडकला. दुसऱ्या खेपेला मामंजींच्या धोतरात. तिसऱ्यांदा पाण्यात पडला, आणि मामंजी उकिडवे बसले ते बसलेच. समुद्रावर तसंच करतात. गरी टाकायची, दोरीवर बोट ठेवायचं आणि हलायचं नाही. बुचाचा बेडूक पाण्यावर स्वस्थ तरंगत राहिला.

"नाचव त्याला!" काका ओरडले. "बेडूक कधी बसून ऱ्हातो व्हय?"

"गरी हलवची नसता!"

"ती गरी न्हाय, बेडूक हाय!"

"बेडूक आसा तर सांग त्याका, आपणच नाच!"

वरून पार्वतीबाई सल्ला देत होत्या. दुसऱ्या मजल्यावरून वेगळा सल्ला येत होता. पाऊस जरा उतरला होता, पाण्यावरच्या टिकल्या विरळ झाल्या होत्या. आणि तेव्हा मला ती दिसली. काठावर बसलेल्याला दिसणार नाही, पण तिसऱ्या मजल्यावरून पाण्याच्या पोटातलं दिसतं. आळवाच्या पानांच्या सावलीत एक काळं, हातभर लांब काहीतरी उभं होतं. शेपटी हलली, पान हललं.

मी सासूबाईंना सांगितलं. सासूबाई ओरडल्या, "उजवीकडे!" मामंजींनी उजवीकडे टाकला. उजवीकडे म्हणजे सासूबाईंच्या उजवीकडे. त्या मामंजींच्या समोर. पान पुन्हा हललं. ती आत सरकत होती.

मग माझ्या हातून काय झालं ते मला नंतर लोकांनी सांगितलं. घोंगडी पडली, पदर खांद्यावर आला, मी कठड्याला धरून उभी राहिले आणि माझ्या सासऱ्यांवर ओरडले, "मामंजी, आळवाकडे! डाव्या हाताक! आणि नाचवा त्याका!"

गॅलरीतल्या बायका माझ्याकडे वळल्या. मामंजींनी वर पाहिलं. वर्षभरात मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि त्यात तीन हुकूम होते. त्यांनी काठी फिरवली, बेडूक आळवाच्या कडेला टाकला आणि मनगट हलवलं. बेडूक नाचला. एक उडी, दोन उड्या.

पाणी फुटलं. दुसरा शब्द नाही. जिथं बेडूक होता तिथं खड्डा पडला आणि बेडूक दिसेनासा झाला. काठी कमानीसारखी वाकली. पार्वतीबाईंच्या तोंडून घोषणा गेली, कारण त्या काळात जोरात ओरडायचं म्हटलं की आमच्या तोंडून घोषणाच जाई, "आलाच पाहिजे!" आणि तिन्ही मजल्यांनी उत्तर दिलं, "आलाच पाहिजे! आलाच पाहिजे!" गिरणीचा रखवालदार फाटकातून धावत आला. त्याला वाटलं मोर्चा आला.

मरळ आळवाच्या मुळांत घुसू पाहत होती. दोरी मामंजींच्या तळव्यातून सरकत होती, पाय चिखलात घसरत होते. लक्ष्मणकाकांनी छत्री फेकली, दोन्ही हात काठीकडे नेले, आणि एक वीतभर अंतरावर ते हात थांबले. मी वरून ते थांबलेले हात पाहिले. मग त्यांनी मामंजींच्या कमरेला मिठी मारली आणि मागं ओढायला लागले. शील राहिलं आणि तात्याही तळ्यात गेला नाही. दोघे चिखलात मागं बसले, आणि त्यांच्याबरोबर मरळ काठावर आली. ती गवतातून सापासारखी वळवळत परत पाण्याकडे निघाली, तेव्हा ज्या मामंजींनी जन्मात गोड्या पाण्यातल्या माशाला मासा म्हटलं नव्हतं, त्यांनी तिच्यावर अंग टाकलं.

"वाजले किती?" पालथं पडल्या पडल्या त्यांनी खालून विचारलं.

कोणीतरी घड्याळ पाहून सांगितलं, दोन वाजून वीस मिनिटं.

मामंजींनी चिखलाचा हात वर केला. "भरती!"

"बेडूक!" लक्ष्मणकाका ओरडले.

हा वाद पुढं दोघांच्या पेन्शनीपर्यंत, आणि मग त्याच्याही पुढं चालला. दर पावसाळ्यात एकदा तरी निघे. मी मामंजींसमोर भरतीच्या बाजूनं बोलत असे आणि काका एकटे भेटले की बेडकाच्या. वरून सगळं पाहिलेली मी एकटीच, पण साक्षीदारानं मित्रांचं भांडण मिटवू नये असं मला वाटतं. ते भांडण म्हणजे त्यांचा जीव होता.

त्या दुपारी मी इतकी हसले की सासूबाई घाबरल्या, पोटाला काही होईल म्हणून मला खाली बसवायला लागल्या. मला हसताना रडू येत होतं. यजमान आत, बाहेर पाऊस, पुढं काय होणार कोणाला ठाऊक नाही, आणि माझ्या एका घासासाठी दोन म्हातारे चिखलात लोळत होते. त्या सबंध पावसाळ्यातलं मला इतर फारसं काही आठवत नाही. तेवढं एक चित्र मात्र हवं तेव्हा काढून बघता येतं. आजही आभाळ असं खाली आलं आणि काचेवर थेंब ओघळू लागले की मी मुद्दाम काढून बघते आणि एकटीच हसते. नातसून विचारते, "आजी, काय झालं?" मी म्हणते, भरती आली.

मरळ राखेनं आणि मिठानं चोळून धुवायची, हे काकांनी दारात उभं राहून सांगितलं. पुढचं सासूबाईंनी त्यांना सांगू दिलं नाही. ओलं खोबरं, मिरची, धणे पाट्यावर वाटले, कोकमाची चार सोलं, तिरफळं ठेचून. तुकडे मोठे मोठे झाले. कालवणाला कढ आला आणि वास दारापर्यंत गेला, तेव्हा मजल्यावरच्या सगळ्या बायका माझ्या नाकाकडे बघत होत्या. मी मोरीकडे गेले नाही.

सासूबाईंनी माझ्यासाठी तीन तुकडे काढून ठेवले आणि वळल्या. तेवढ्यात मामंजींनी बाकीचं कालवण वाट्यांत भरून मजल्यावर वाटून टाकलं. प्रत्येक खोलीला एक तुकडा, काकांच्या डब्यात एक. पकडलेला मासा एकट्यानं खायचा नसतो, ही त्यांच्या किनाऱ्यावरची रीत. सासूबाई संतापल्या. "पोरीक रात्रीक काय ठेवलास? हाडां?" मामंजी गॅलरीत जाऊन पाठ करून बसले. सुनेच्या ताटाकडे बघायचं नाही म्हणून पाठ. त्यांच्या शेजारी काका, डबा मांडीवर.

मी पहिला घास घेतला. खरं सांगते, समुद्राच्या माशाची सर नव्हती. मागं थोडा मातीचा वास होता. पण मांस पांढरंशुभ्र आणि मऊ, आंबट-तिखट रस्सा भातात मुरलेला, आणि जिभेला कित्येक आठवड्यांनी चव कळत होती. मी तीन तुकडे खाल्ले. काटेसुद्धा चोखले. मग हात धुऊन भिंतीला टेकून बसले.

आता सगळे थांबले. घास खाली जातो हे काही नवीन नव्हतं, तो राहतो का हा प्रश्न होता. रोज पाव तासात निकाल लागे. सासूबाई माझ्यासमोर बसल्या, हातात पाण्याचा तांब्या. पाव तास गेला. गॅलरीत मुलांना कोणीतरी गप्प केलं होतं. नुसता पन्हळीचा आवाज येत होता. अर्धा तास झाला.

"काय गे?" बाहेरून मामंजींनी विचारलं. सासूबाईंना नव्हे.

पोटात काहीतरी होत होतं, आणि ते काय आहे हे ओळखायला मला वेळ लागला. इतके दिवस ते झालंच नव्हतं. मला भूक लागली होती.

"मामंजी," मी म्हटलं, "आणखी आसा?"

ते वळले. त्यांचा चेहरा पडला. टोप रिकामा होता. त्यांनीच रिकामा केला होता. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, टोपाकडे पाहिलं, आणि कोपऱ्यात ठेवलेली ओली काठी उचलायला उठले.

लक्ष्मणकाकांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि मांडीवरचा डबा उघडून आत सरकवला. तुकडा तसाच होता. मग पार्वतीबाई उठून आपल्या खोलीत गेल्या आणि वर ताटली झाकलेली वाटी घेऊन आल्या. पलीकडच्या खोलीतून दुसरी वाटी आली, मग तिसरी. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या आजी स्वतः भिंत धरत धरत आल्या, दोन्ही हातांत वाटी सांभाळत. "राह्यलां पोटात?" त्यांनी विचारलं. "राह्यलां," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

दहा वाट्या आणि एक डबा. मी एकेक ताटली उचलून बघत गेले. एकाही वाटीतल्या तुकड्याला बोट लागलेलं नव्हतं. सगळा मजला माझ्यासाठी उपाशी थांबला होता.

मी ताट पुढं ओढलं आणि सासूबाईंना म्हटलं, भात वाढा.